भीतीही शिकावी लागते!

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरेच आहे. पण आपला शत्रू कोण, हे मात्र पुष्कळ माशांना शिकावेच लागते. मराठीत मासा म्हणा की कन्नडमध्ये मीनु, या जिवाचे हे शिक्षण बरेचसे डोळ्यांनी होते.

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या आणि त्यासाठी १९७३ चे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. गोड्या पाण्यातल्या ‘मिनो’ नावाच्या छोट्या माशाच्या कातडीला जखम झाली, की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते. त्याच्या वासाने कळपातले बाकीचे मासे घाबरतात. ही भीती उपजत असते. मात्र वासावरून कळते ते एवढेच, की जवळ संकट आहे. ते कोणाच्या रूपाने आले, हे डोळ्यांनी टिपावे लागते.

कॅनडातील चिव्हर्स आणि स्मिथ या संशोधकांनी १९९४ मध्ये हेच दाखवून दिले. त्यांनी अमेरिकेत आढळणाऱ्या दुसऱ्या जातीचे मिनो घेतले. ‘पाइक’ या शिकारी माशाशी त्यांची गाठ कधी पडलेली नव्हती. पाइक समोर दिसत असतानाच पाण्यात तो धोक्याचा वास सोडला. पुढे वास नसतानाही, नुसता पाइक दिसला तरी मिनो घाबरू लागले. एकदाच दिलेला धडा पुरला! गंमत म्हणजे, पाइकच्या जागी निरुपद्रवी गोल्डफिश दाखवला, तर मासे त्यालाही भिऊ लागले.

शत्रू स्वतः दिसलाच पाहिजे असेही नाही. मॅगरन आणि हायम यांच्या १९८८ च्या प्रयोगात काही मिनोंना शत्रू दिसतच नव्हता. दिसत होते ते फक्त पलीकडचे घाबरलेले सोबती. तेवढ्यावरून तेही लपू लागले.

हे ज्ञान नुसते प्रयोगशाळेपुरते नाही. मत्स्यबीज केंद्राच्या टाकीत खाणे वेळेवर मिळते आणि शत्रू नसतो. तिथे वाढलेली पिल्ले नदीत सोडली, की त्यातली बरीचशी शिकाऱ्यांच्या तोंडी जातात. म्हणून सॅमन, ट्राउट अशा माशांना सोडण्याआधी शत्रूची ओळख करून देण्याचे प्रयोग झाले आहेत. लाडाने वाढवणे आणि जगायला तयार करणे, यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

आपली मुलेही आपला चेहरा वाचूनच भ्यायला शिकतात. आई पाल पाहून किंचाळली, की कडेवरचे मूलही पालीला भिऊ लागते. रस्ता, वीज, विहीर यांची धास्ती मुलांना हवीच. ती आपणच द्यायची. पण देताना एवढे पाहावे, की आपण दाखवतो आहोत तो खरोखरचा पाइक आहे, की बिचारा गोल्डफिश?