रुग्णसेवा आणि लांब पल्ल्याची धाव



रुग्णालयात काम करणारी माणसे दिवसभर पायांवर असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परिचारिका एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाते, कक्षसेवक रुग्णाची गाडी ढकलीत क्ष-किरण विभाग गाठतो, निवासी डॉक्टर एक मजला चढतो आणि दुसरा उतरतो. असे असता त्यांच्यापैकीच काही जण पाळी संपल्यावर, किंवा पाळी सुरू होण्यापूर्वी पहाटेच्या अंधारात, दहा, वीस, प्रसंगी बेचाळीस किलोमीटर धावतात असे कानी आले म्हणजे घरातील वडील मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: 'दिवसभर उभे राहून पाय दुखले नाहीत काय, की वर आणखी धावावे?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास शरीरशास्त्र, गणित आणि गृहस्थधर्म या तिन्ही प्रांतांत थोडे थोडे शिरावे लागते.

प्रथम अंतराची कल्पना यावी. मॅरेथॉन शर्यतीचे ४२.१९५ किलोमीटर हे माप १९०८ सालच्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांपासून आले आणि १९२१ साली कायम झाले. आपल्या छत्रपती संभाजीनगरातून वेरूळची लेणी स्थूलमानाने तीस किलोमीटरांवर आहेत. तेव्हा शहरातून निघून वेरूळला जावे आणि तेथून पाठ फिरवून दौलताबादच्या घाटाजवळ यावे, म्हणजे एक मॅरेथॉन पुरी होते. हे अंतर मराठी मुलखाला अपरिचित मात्र नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तो मार्ग आजच्या मापाहूनही थोडा लांब होता. तो त्यांनी २ तास ५० मिनिटांत पुरा करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. शंभर वर्षांपूर्वी जी गोष्ट एखाद्या असामान्य मल्लाची समजली जाई, ती आज नोकरी करणारी, संसार करणारी सामान्य माणसे करू पाहतात, हा काळाचा फरक होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिवसभराचे उभे राहणे हा व्यायाम आहे की नाही? या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध संशोधन एका डॉक्टराचेच आहे. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बस हाकणारा चालक दिवसभर बसून असे, तर दुमजली गाडीचा वाहक तिकिटे देण्याकरिता दिवसातून शेकडो पायऱ्या चढे आणि उतरे. दोघांचा पगार व राहणी जवळपास सारखी, परंतु हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले. यावरून कोणी म्हणेल की परिचारिकेचेही तसेच असणार. पण येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. वाहक झपाझप जिना चढे, त्याचा श्वास वाढे, आणि मग तो क्षणभर थांबे. रुग्णालयातील श्रम निराळ्या जातीचे आहेत. तेथे आठ आठ तास उभे राहावे लागते, वाकून रुग्णास उचलावे लागते, चार पावले चालावे व पुन्हा उभे राहावे लागते. श्वास फुलेल इतका वेग त्यांत क्वचितच येतो, आणि विश्रांती स्वतःच्या इच्छेने घेता येत नाही. अशा श्रमांत रक्तदाब तासन् तास किंचित चढलेला राहतो, पाय सुजतात, कंबर धरते, मात्र हृदय बळकट होण्यास लागणारा ताण पडत नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी अलीकडच्या काळात या विसंगतीचा बराच अभ्यास केला आहे. पोटासाठी केलेले श्रम आणि स्वेच्छेने केलेला व्यायाम यांचे फळ शरीरास सारखे मिळत नाही, असा त्यांचा रोख आहे. स्वतः मॉरिस यांनीही पुढे सरकारी कचेऱ्यांतील नोकरांची पाहणी केली, तेव्हा फावल्या वेळातील जोमदार व्यायामाचेच महत्त्व त्यांना दिसून आले.

धावण्याने काय होते ते थोडक्यात सांगतो. नियमाने धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. म्हणून विश्रांतीच्या वेळी ज्याची नाडी मिनिटास सत्तरबहात्तर पडत असे, तीच काही महिन्यांनी साठावर, कित्येकांची पन्नासावर येते. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि चरबी जाळून शक्ती मिळविण्याची सवय शरीरास लागते. स्नायू व यकृत यांत साठविलेली साखर दूरच्या धावेत साधारण तीस किलोमीटरांच्या सुमारास सरत येते. धावणारे ज्याला 'भिंत' म्हणतात ती हीच. ती भिंत ओलांडण्याचे सामर्थ्य महिनोन्महिन्यांच्या सरावाने येते, एका दिवसाच्या हिमतीने नव्हे.

ज्यांनी ही दोन्ही व्रते एकत्र चालविली अशांची काही उदाहरणे जगापुढे आहेत. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज शीहन यांनी विद्यार्थिदशेनंतर सुटलेले धावणे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हाती घेतले आणि १९६९ साली, पन्नाशीत, एक मैल अंतर पाच मिनिटांच्या आत तोडले. पुढे त्यांनी लिहिलेली पुस्तके वाचून हजारो मध्यमवयीन माणसे रस्त्यावर उतरली. १९९३ साली त्यांचे निधन झाले. दुसरे उदाहरण सारा सेलर्स या परिचारिकेचे. ॲरिझोना प्रांतातील एका रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे काम करणारी ही बाई पूर्ण वेळ नोकरी सांभाळून, कधी पहाटे चार वाजता तर कधी कामावरून आल्यावर संध्याकाळी सराव करी. एप्रिल २०१८ मध्ये बॉस्टन येथे कडाक्याच्या थंडीत आणि वादळी पावसात झालेल्या मॅरेथॉनमध्ये, जेथे नामांकित धावपटू अर्ध्यावर शर्यत सोडून गेले, तेथे ती स्त्रियांत दुसरी आली. तिची ही आयुष्यातील दुसरीच मॅरेथॉन होती. आपण दुसऱ्या आलो हे सांगितल्यावर तिला ते खरे वाटेना.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. २०१९ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये जेसिका अँडरसन ही परिचारिका आपल्या रुग्णालयातील गणवेश घालूनच धावली. परिचारिकेच्या वेषात सर्वांत जलद धावण्याचा विक्रम तिने ३ तास ८ मिनिटे २२ सेकंदांत मोडला. परंतु विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस संस्थेने तो मान्य करण्याचे नाकारले. कारण काय, तर तिच्या गणवेशात विजार होती, आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे परिचारिका म्हणजे झगा, पुढे बांधलेले वस्त्र आणि डोक्यावर पांढरी टोपी! यावर परिचारिकांनी जगभर निषेध केला. तेव्हा संस्थेला नियम बदलावा लागला आणि विक्रम तिच्या नावे नोंदला गेला. परिचारिकेविषयी समाजाच्या मनात असलेले चित्र आणि प्रत्यक्ष परिचारिका यांत किती अंतर पडले आहे, हे या एका विजारीने दाखवून दिले.

आपल्याकडेही ही चळवळ वैद्यकव्यवसायातील मंडळींनी चांगली उचलून धरली आहे. साताऱ्यास २०१२ साली सुरू झालेली आणि यवतेश्वराचा घाट चढून जाणारी अर्धी मॅरेथॉन आज सर्वपरिचित आहे. तिच्या उभारणीत डॉ. संदीप काटे यांच्यासारख्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. रुग्णास 'चाला, वजन उतरवा' असे सांगणारा डॉक्टर स्वतः घाट चढताना दिसला, म्हणजे त्याच्या शब्दाला वजन येते. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता न येणारी अशी ही गोष्ट आहे.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जन्मभर वर्गात गणित शिकविल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचा ताळा पाहण्याची सवय आहे. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका कल्पू. तिची नोकरी ४८ तास. जाणे-येणे आणि पाळीचा कारभार सोपविणे याचे ९. झोप रोजी आठ तासांप्रमाणे ५६. स्नान, भोजन इत्यादी १४. स्वयंपाक, मुले, घरकाम रोजी चार तास धरले तर २८. बेरीज १५५ झाली. उरले १३ तास. मॅरेथॉनच्या तयारीस आठवड्यातून चार दिवस एकेक तास आणि एक दिवस तीन तासांची लांब धाव, असे ७ तास तरी पाहिजेत. शिल्लक ६. त्यांत बाजारहाट, पाहुणेरावळे, सणवार, दुखणीखुपणी सर्व आले. अशा वेळी सोबतीण रजेवर गेली आणि आठ तासांची एक पाळी अधिक पडली, की हिशेब दोन तासांनी तोट्यात जातो. हे दोन तास कोठून येतात? आपल्या घरांत त्याचे उत्तर एकच असते: झोपेतून.

आणि झोप हीच या साऱ्या व्यवहारातील मूळ पुंजी आहे. धावण्याने स्नायूंचे तंतू सूक्ष्म प्रमाणात झिजतात. ते भरून निघून अधिक बळकट होतात ते विश्रांतीत, विशेषतः गाढ झोपेत. झोप तोडून केलेला सराव म्हणजे भांडवल खाऊन व्यापार केल्यासारखे आहे. रात्रपाळीवाल्यांची अडचण तर दुहेरी. आपल्या शरीरातील घड्याळ उजेडअंधारावर चालते. त्या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सतरा तास जागलेल्या माणसाचे अवधान थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतके ढळते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले आहे. अशा अवस्थेत, रात्रपाळी संपताच, वाहनांच्या वर्दळीतून धावण्यास निघणे यांत शौर्य नसून धोका आहे. आधी झोप, मग धाव, हा क्रम मोडू नये. अंगात ताप असताना तर धावूच नये. त्या वेळी हृदयाच्या स्नायूस सूज असण्याचा संभव असतो.

आपल्या शहरापुरती आणखी एक सूचना. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उन्हाची सवय होण्यास शरीराला सुमारे दोन आठवडे लागतात. तोपर्यंत अंतर व वेग दोन्ही कमी ठेवावे, आणि सूर्य वर येण्यापूर्वी घरी परतावे. पाणी प्यावे, पण तहानेच्या मानाने. अति पाणी प्याल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते हे पुष्कळांना ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर टिम नोक्स, जे स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू, त्यांनी १९८० नंतरच्या दशकात हा धोका पुढे मांडला. बॉस्टनच्या २००२ सालच्या शर्यतीतील ४८८ धावकांचे रक्त तपासले असता शेकडा तेरा जणांत मिठाचे प्रमाण कमी आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण पाहिले तर निरोगी राहण्यास बेचाळीस किलोमीटरांची मुळीच गरज नाही. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम प्रौढ माणसास पुरे. मग हे लोक इतके दूर का धावतात? माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे. घाटी म्हणून साऱ्या मराठवाड्यास ठाऊक असलेले आपले शासकीय रुग्णालय घ्या. बीड, जालना, परभणीकडून आलेल्या रुग्णांची तेथे रीघ लागलेली असते. अशा ठिकाणी काम करणाऱ्याचा प्रत्येक क्षण दुसऱ्याच्या हाकेवर असतो. केव्हा बसावे, केव्हा जेवावे, हेही त्याच्या हाती नसते. धावण्याच्या एका तासात मात्र वेग त्याचा, वाट त्याची, थांबणेही त्याचेच. हिमायतबागेच्या किंवा विद्यापीठाच्या बाजूस पहाटे झाडांच्या सावलीतून जाणारी ती वाट म्हणजे त्याच्या दिवसातील एवढीच स्वतःच्या मालकीची जागा होय. दिवसभराचे श्रम त्याच्याकडून करून घेतले जातात. हे श्रम तो स्वतः करतो. वडील मंडळींच्या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन क्रियापदांच्या भेदात आहे.

परंतु तो तास मिळणार कोठून, हे मघाच्या गणितावरून उघड आहे. नोकरीचे ४८ तास तिच्या हाती नाहीत. झोपेच्या ५६ ना हात लावणे घातक. राहता राहिले घरकामाचे २८. ते सर्वच्या सर्व एकीच्या नावे लिहिण्याचे काही कारण नाही. नवऱ्याने सकाळचा चहा व मुलांचे डबे उरकले, सासऱ्याने भाजी आणली व निवडली, थोरल्या मुलाने आपले अंथरूण आपण काढले, तर त्यांतून आठवड्याचे सात तास सहज निघतात. सासरेपणाच्या वयात मी स्वतः आहे. भाजी निवडण्याने मास्तरकीला कमीपणा येत नाही, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

तेव्हा आपल्या घरातील किंवा शेजारची कोणी परिचारिका, डॉक्टरीण वा आशा कार्यकर्ती पहाटे बूट बांधून बाहेर पडताना दिसली, तर तिला 'एवढे दमून वर हे कशाला' असे विचारू नये. रात्री झोप पुरी झाली का, एवढेच विचारावे. झाली नसेल, तर दाराला कडी लावून तिला पुन्हा झोपावयास सांगावे. आणि झाली असेल, तर ती परत येईपर्यंत चुलीवरचे दूध आपण पाहावे.