संकेतस्थळातील विभागांचे परवलीच्या शब्दाने संरक्षण

संकेतस्थळातील विभागांचे परवलीच्या शब्दाने संरक्षण म्हणजे संकेतस्थळाची काही पाने सर्वांसाठी खुली ठेवून उरलेली पाने व फाइली केवळ ओळख पटलेल्या व्यक्तींनाच पाहता येतील अशी व्यवस्था होय. परवलीचा शब्द ही संज्ञा मूळची पहारेकऱ्यांच्या व्यवहारातली. संगणकाच्या क्षेत्रात ती पासवर्ड या अर्थाने रूढ झाली आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या व्यवस्थेची गरज ठळकपणे जाणवते. टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन आदी वाहननिर्मात्यांचे कारखाने येथे आहेत आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांचे जाळे आहे. वाहन उद्योगाच्या संकेतस्थळावरील वाहनांची माहिती कोणीही वाचू शकतो. पुरवठादारांच्या विभागात मात्र खरेदी आदेश, माल पोचविण्याचे वेळापत्रक, भागांची रेखाचित्रे व नाकारलेल्या मालाचे अहवाल अशी सामग्री असते. एका पुरवठादाराचा दर दुसऱ्याच्या हाती पडला तर पहिल्याच्या हातचे पुढचे काम जाऊ शकते.

इतिहास

संगणकावर परवलीचा शब्द प्रथम वापरण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सीटीएसएस या प्रणालीला दिले जाते. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली 1961 मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. 1966 मध्ये याच प्रणालीत दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्दच प्रत्येकाच्या पुढ्यात छापले गेले. शब्द जसेच्या तसे साठविले असल्यामुळे हे घडू शकले. आज मूळ शब्दाऐवजी त्यापासून गणिती रीतीने काढलेला, उलट दिशेने सोडविता न येणारा ठसा साठवितात. त्याला हॅश म्हणतात.

कार्यपद्धती

संरक्षित पानाची मागणी आली की सर्व्हर प्रथम 401 या क्रमांकाचा नकार पाठवितो आणि ओळख मागतो. न्याहाळक तेव्हा सदस्यनाव व परवलीचा शब्द विचारणारी छोटी चौकट दाखवितो व मिळालेले उत्तर घेऊन तीच मागणी पुन्हा करतो. वेबला प्रत्येक मागणी नवी असते, मागची तिला आठवत नाही. म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक मागणीसोबत न्याहाळक ही ओळख आपणहून जोडत राहतो. ही ‘बेसिक’ पद्धत होय. तिच्या अधिकृत तपशीलपत्रातील उदाहरणात सदस्यनाव अल्लाउद्दीनचे आणि परवलीचा शब्द अलीबाबाच्या गोष्टीतला, म्हणजे आपला ‘तिळा तिळा दार उघड’, असा गमतीदार घोटाळा आहे. या पद्धतीत शब्द बेस-64 या लिपीत पाठविला जातो. ते कूटलेखन नव्हे. वाटेत अडवून पाहणारा तो क्षणात वाचू शकतो. त्यामुळे एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळावर ही पद्धत वापरू नये.

मोठ्या संकेतस्थळांवर आता बहुधा स्वतंत्र प्रवेशपत्रक असते. ओळख पटल्यावर सर्व्हर न्याहाळकाला कुकी देतो व पुढे तीच ओळखपत्राचे काम करते. बेसिक पद्धतीत बाहेर पडण्याची निश्चित सोय नाही, न्याहाळक बंद करावा लागतो. तीन पाळ्यांत एकच संगणक वापरणाऱ्या भांडारात ही उणीव चांगलीच महागात पडू शकते.

मांडणी

अपाची या सर्व्हरवर एखाद्या फोल्डरला कुलूप घालण्यासाठी त्यात ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ नावाची फाइल ठेवतात. पद्धत कोणती, विभागाचे नाव काय, परवलीच्या शब्दांची फाइल कोठे आहे आणि प्रवेश कोणास द्यावा, एवढ्या चार ओळी तीत पुरतात. दुसरी फाइल, ‘.एचटीपासवर्ड’, ही एचटीपासवर्ड याच नावाच्या आज्ञेने तयार होते. ती संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावी. या आज्ञेतील ‘सी’ हा पर्याय नवी फाइल बनवितो व त्या नावाची जुनी फाइल असल्यास ती पुसून टाकतो. दुसरा सदस्य जोडताना तो चुकून वापरला की आधीचे सारे सदस्य बाहेर पडतात.

याहून घातक चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. अपाचीच्या सध्याच्या आवृत्त्यांत मुख्य मांडणीतून परवानगी दिल्याखेरीज ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ वाचलीच जात नाही, आणि एनजिनएक्स हा सर्व्हर तर तिच्याकडे मुळीच पाहत नाही. संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविले की फाइल जागच्या जागी असते, पण विभाग उघडा पडतो. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. म्हणून अशा बदलानंतर न्याहाळकाच्या खासगी खिडकीत केवळ पान नव्हे, तर त्यातील रेखाचित्राच्या फाइलीचा थेट पत्ताही उघडून पाहावा. बेसिक पद्धतीत 401 आले तरच कुलूप लागले आहे.

मर्यादा

पानाचा दुवा कोठेही न देणे म्हणजे संरक्षण नव्हे. शोधयंत्रांसाठी ठेवलेल्या रोबॉट्स फाइलीत गुप्त फोल्डरचे नाव लिहिणे तर उलटच ठरते, कारण ती फाइल कोणीही वाचू शकतो.

ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, एका पुरवठादाराचा खरेदी आदेश पत्त्याच्या शेवटी 1041 असा क्रमांक लावून उघडतो. त्याने तेथे 1042 लिहिले आणि दुसऱ्याचा आदेश समोर आला, तर त्याचा परवलीचा शब्द खरा असूनही विभाग असुरक्षितच आहे. प्रत्येक मागणीच्या वेळी सर्व्हरने हा आदेश याच व्यक्तीचा आहे काय, हे तपासून नसल्यास 403 हा नकार द्यावयास हवा. आपल्याकडे दारावर जेवढे लक्ष असते तेवढे या आतल्या कपाटांवर नसते.

कायदा

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या 66-सी या कलमानुसार दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल 2022 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींतील नोंदी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. संपूर्ण कारखान्याला मिळून एकच सदस्यनाव दिलेले असेल, तर अशा नोंदीत कारखान्याचे नाव तेवढे सापडते. फाइल कोणी उतरवून घेतली, हे तीवरून कळत नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश बंद करावयाचा तर सर्वांचाच शब्द बदलावा लागतो.