ड्रायव्हरमधील साफसफाई व तिचे परीक्षण

संगणकास जोडलेल्या उपकरणाशी व्यवहार करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तिचे वर्तन न बदलता केवळ लेखन नीटनेटके करणे, या कामास आज्ञावलीची साफसफाई म्हणावयास हरकत नाही. लिनक्स कर्नेलमध्ये 2008 पासून 'स्टेजिंग' नावाचा एक विभाग असून कसोटीस पुरते न उतरलेले ड्रायव्हर त्यात ठेवले जातात. अनेक नवशिक्यांचा पहिला बदल तेथेच होतो. काम सोपे, म्हणून त्याचे परीक्षणही सोपे, हा समज मात्र सर्वस्वी चुकीचा होय.

एक उदाहरण घेऊ. ड्रायव्हर उपकरणाच्या रजिस्टरमध्ये एक मूल्य लिहितो, लगेच तेच रजिस्टर वाचतो आणि वाचलेले मूल्य एका चलात ठेवतो. त्या चलाचा पुढे कोठेही उपयोग नाही; कंपायलर तशी सूचनाही देतो. नवशिका ते चल काढून टाकतो व त्याबरोबर वाचनाची ओळही. वाक्यातील एक निरर्थक शब्द गेला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु पीसीआय बसवरून पाठविलेले लेखन उपकरणापर्यंत तत्काळ पोहोचतेच असे नाही; ते वाटेत साठून राहू शकते. मागोमाग त्याच उपकरणाकडे गेलेले वाचन आधीच्या लेखनास ओलांडून पुढे जाऊ शकत नाही, आणि म्हणूनच ते लेखन पुढे रेटले जाते. काही रजिस्टरे तर नुसत्या वाचनानेच कोरी होतात. इंटरप्टची खूण अशा रीतीने पुसणारी उपकरणे आहेत. काही उच्चारांचे सारे प्रयोजन उच्चारण्याच्या क्रियेतच असते, हे भाषेच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. तेव्हा चल काढावे, वाचन ठेवावे, आणि ते का ठेवले याची टीप तेथेच लिहावी.

विलंबाच्या आज्ञांचेही असेच. लेखननियम तपासणारे चेकपॅच हे साधन जागेपणी थांबणाऱ्या आज्ञेऐवजी निद्रा घेणारी आज्ञा सुचविते. इंटरप्ट हाताळताना किंवा स्पिनलॉक धरलेला असताना निद्रा निषिद्ध आहे, आणि ही परिस्थिती बदललेल्या ओळीत दिसत नाही. ते कार्य कोठकोठून बोलाविले जाते हे परीक्षकाने स्वतः शोधावे लागते.

मोकळ्या जागा व समास यांपुरताच बदल असेल, तर आधीचे व नंतरचे यंत्रसंकेत ताडून पाहावेत. ते जुळले की वाद मिटला. हा सोपा पडताळा टिकावा म्हणून तरी साफसफाई व दुरुस्ती एकाच पॅचमध्ये मिसळू नये. येथे परीक्षकाने कठोर असावे, असे माझे मत आहे. ड्रायव्हरच्या क्षेत्राबाहेरचा एक दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2006 साली डेबियनमध्ये स्मृतिदोष दाखविणाऱ्या साधनाची तक्रार मिटविण्यासाठी ओपनएसएसएलमधील ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. परिणामी एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीचे जेमतेम 32,768 पर्याय उरले, आणि मे 2008 पर्यंत ते उघडकीस आले नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत अडचण अधिक बिकट आहे, कारण ते उपकरण पुष्कळदा लेखकापाशीही नसते व परीक्षकापाशीही. अशा वेळी बदल केवळ कंपाईल करून पाहिला आहे, प्रत्यक्ष उपकरणावर चालवून पाहिलेला नाही, असे लेखकाने पॅचसोबत स्पष्ट नमूद करावे, आणि त्याने केले नसेल तर परीक्षकाने विचारावे.