'डेथ ॲट अ फ्युनरल' (2007): अंत्यविधी आणि फार्सची रचना

'मृत्यूवर विनोद' म्हटले की ब्लॅक कॉमेडी, एवढी व्याख्या आपण सहज करून टाकतो. ती अपुरी आहे. फ्रँक ऑझ दिग्दर्शित 'डेथ ॲट अ फ्युनरल' हा ब्रिटिश चित्रपट पाहिल्यावर ती का अपुरी आहे हे कळते. या चित्रपटात मृत्यूवर जवळजवळ एकही विनोद नाही. वडील वारले आहेत आणि त्याचे दुःख सर्वांनाच आहे. विनोद आहे तो अंत्यविधी नीट पार पाडण्याच्या धडपडीवर. पुढील विवेचनात कथेचा शेवटही आला आहे, म्हणून शक्य असल्यास आधी चित्रपट पाहून घ्या.

प्रथम तेथील रीत लक्षात घेऊ. शवपेटी येते, नातेवाईक काळ्या पोशाखात जमतात, धर्मगुरू प्रार्थना घेतो आणि घरातील कोणीतरी दिवंगताबद्दल भाषण करतो. हे भाषण नेमून दिलेले काम असते. ते कोण करणार आणि त्यात काय सांगणार, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. चित्रपटातील विधी घरातच आहे, त्यामुळे जवळजवळ सगळी कथा एका घरात आणि एकाच दिवसात घडते.

पहिल्याच प्रसंगात घरी आलेली पेटी उघडली जाते आणि आत भलत्याच माणसाचा मृतदेह निघतो! पेटी बदलून आणतात, पण दिवस कसा जाणार ते प्रेक्षकाला समजून चुकते. मुलगा डॅनियल (मॅथ्यू मॅकफेडियन) आईवडिलांजवळ राहून सगळे निस्तरणारा. त्याचा भाऊ रॉबर्ट (रूपर्ट ग्रेव्ह्ज) न्यूयॉर्कमधला नावाजलेला कादंबरीकार. तो विमानाच्या पहिल्या वर्गाने येतो, मात्र अंत्यविधीच्या खर्चातला वाटा द्यायला त्याच्याकडे पैसे नसतात. भाषण डॅनियलने लिहिले आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यालाच विचारतो की भाषण रॉबर्ट करणार ना? दोन भावांतला हा सल चित्रपटभर हलकेच ठसठसत राहतो.

आता रचना पाहा. पटकथाकार डीन क्रेग यांनी एका बाटलीवर अर्धा चित्रपट उभा केला आहे. बाटलीवर लिहिले आहे 'व्हॅलियम', म्हणजे मन शांत करणारे औषध. आत आहेत भास निर्माण करणाऱ्या अमली गोळ्या. त्या औषधशास्त्र शिकणाऱ्या ट्रॉयच्या. त्याची बहीण मार्था हिला हे ठाऊक नाही. तिचा होणारा नवरा सायमन तिच्या वडिलांना भेटायच्या धास्तीने घाबरलेला, म्हणून ती त्याला एक गोळी देते. पुढे सायमनला पेटीतून आवाज ऐकू येतात, पेटी हलताना दिसते, तो धावून जातो आणि पेटी उलथते. त्यानंतर तो नागडा छपरावर चढून बसतो. बाटली मात्र तिथेच थांबत नाही. ती हातोहात फिरते, आणि दर वेळी देणाऱ्याचा हेतू एकच असतो, समोरच्याला शांत करावे. प्रेक्षकाला आत काय आहे ते माहीत, पात्राला नाही. फार्समधले हसू बहुतांशी या अंतरातून येते. त्यात कोणी दुष्ट असावे लागत नाही. उलट माणसे जितकी सभ्य आणि जितकी सांभाळून घेणारी, तितका गोंधळ वाढतो.

याच सभ्यतेची खरी परीक्षा पीटर (पीटर डिंकलेज) घेतो. हा बुटका, अनोळखी पाहुणा भावांना बाजूला नेऊन छायाचित्रे दाखवतो. वडिलांचे त्याच्याशी प्रेमसंबंध होते. मृत्युपत्रात त्याला काहीच ठेवलेले नाही, म्हणून तो गप्प बसण्यासाठी पंधरा हजार पौंड मागतो. भाऊ त्याला बांधून ठेवतात, त्याच बाटलीतल्या गोळ्या देतात. तो पडतो, डोके आपटते, तो मेला असे समजून ते त्याला वडिलांच्याच पेटीत घालतात.

येथे थोडे थांबून विचारा, आपण हसतो ते कोणाला? माझ्या मते बरेचसे हसू भावांच्या घाबरगुंडीचे आहे. वडील काय होते यापेक्षा पाहुण्यांना काय कळेल याची त्यांना भीती आहे. तरीही पटकथा पूर्ण निर्दोष नाही. पीटरची उंची पेटीत दोघे मावावेत यासाठीच वापरल्यासारखी वाटते, आणि समलिंगी संबंध म्हणजे उघड होऊ नये असे लांच्छन, हे गृहीतक बराच वेळ तसेच राहते. पीटर खंडणी मागतो हे खरे. पण त्या घरात दिवंगताच्या इतक्या जवळचा असूनही ज्याला सांत्वनाचा एक शब्द मिळत नाही, असा माणूसही तोच आहे. डिंकलेजने ही दुखावलेली बाजू फार संयमाने दाखवली आहे. दुसऱ्यांदा पाहताना ती अधिक जाणवते.

मग भाषणाच्या ऐन वेळी पेटीचे झाकण उघडते आणि पीटर जिवंत बाहेर येतो. छायाचित्रे सर्वांसमोर, आईसमोरही, येतात. आता झाकायला काही उरलेले नाही. तेव्हा डॅनियल हातातले लिहून आणलेले भाषण सोडून देतो आणि सर्वांना गप्प करून मनातले बोलतो. वडील परिपूर्ण नव्हते, पण चांगले होते, असा त्याचा आशय. दिवसभर सगळ्यांनी रॉबर्टकडून ज्याची अपेक्षा केली ते भाषण असे डॅनियलकडून होते. विधी जोवर ठरल्याप्रमाणे चालला होता तोवर वडिलांबद्दल कोणी खरे बोलले नव्हते. फार्स येथे क्षणभर थांबतो. अर्थात बाटली अजून संपलेली नसते. रात्री व्हीलचेअरवरचे म्हातारे अल्फी काका छपरावर सापडतात, तेही विवस्त्र.

ही कथा पुढे दोनदा नव्याने चित्रित झाली. 2009 मध्ये 'डॅडी कूल' हा हिंदी चित्रपट आला. 2010 मध्ये नील लब्यूट यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबात ती बसवली, ख्रिस रॉक आणि मार्टिन लॉरेन्स यांना भाऊ करून. या अमेरिकी चित्रपटातही अनोळखी पाहुण्याची भूमिका पीटर डिंकलेजनेच केली आहे, फक्त पात्राचे नाव फ्रँक झाले आहे. दोन्ही चित्रपटांतला छायाचित्रे दाखवण्याचा प्रसंग एकापाठोपाठ एक पाहा आणि भावांच्या चेहऱ्यांऐवजी दोन्ही वेळा त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.