‘एल् मदीना’: यात्रेकरूंची बोट आणि महायुद्ध

नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी व लातूर जिल्ह्यांतून जाऊन पुढें तिला मिळणारी मांजरा, या दोहोंचें पाणी शेवटीं बंगालच्या उपसागरास मिळतें. आम्हां मराठवाड्यांतील लोकांचा समुद्राशीं संबंध तो काय एवढाच, असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्याच उपसागराच्या तळाशीं आपल्याच माणसांनीं उभारलेल्या कंपनीची एक बोट पडून आहे. तिची हकीकत घरांतील लहानथोरांस ठाऊक असावी, म्हणून येथें थोडक्यांत देतों.

सोलापूरचे वालचंद हिराचंद व मुंबईचे नरोत्तम मोरारजी प्रभृति मंडळींनीं १९१९ सालीं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. पहिल्या महायुद्धांत ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं रुग्णनौका म्हणून दिलेली ‘लॉयल्टी’ ही तिची पहिली बोट. ५ एप्रिल १९१९ रोजीं ती मुंबईहून विलायतेस निघाली. तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतों. पण इंग्रज कंपन्यांनीं भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीस जेरीस आणलें, आणि १९२३ च्या करारानें तिला हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनाऱ्यापुरतें जखडून टाकलें.

कराराची मुदत संपल्यावर, १९३७ च्या सुमारास, कंपनीनें परदेशाचा मार्ग पुन्हा धरला तो हजच्या यात्रेच्या निमित्तानें. ‘एल् मदीना’ व ‘एल् हिंद’ या दोन बोटी त्यासाठींच होत्या. ‘एल् मदीना’ सुमारें चार हजार टनांची होती.

पुढें दुसरें महायुद्ध पेटलें आणि यात्रेकरूंच्या जागीं सैनिक आले. १९४४ च्या मार्चमध्यें ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जपान्यांशीं निकराची लढाई चालू होती. आराकानच्या आघाडीचें ठाणें चितगांव. कलकत्त्याहून तिकडे सैनिक घेऊन निघालेल्या ‘एल् मदीना’वर १६ मार्च रोजीं ‘आर. ओ. १११’ या जपानी पाणबुडीनें टॉर्पेडो सोडला. बोट बुडाली, आणि तिच्याबरोबर सुमारें ३८० माणसें गेलीं. त्यांत बहुतेक सैनिकच होते.

महिनाही पुरता लोटला नाहीं तोंच, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याच्या बोटीचा भयंकर स्फोट झाला. त्यांत ‘एल् हिंद’ही नष्ट झाली, आणि त्याच कंपनीची ‘जलपद्मा’ही.

ज्या बोटी परकीयांच्या मक्त्यास शह देण्याकरितां बांधल्या, त्या परकीय सरकारच्या युद्धांत खर्ची पडल्या. युद्धांत पडावें कीं न पडावें, हें हिंदुस्थानास कोणी विचारलेंच नव्हतें. आज सिंधियाच्या बोटी समुद्रावर नाहींत. ‘लॉयल्टी’चें स्मरण वर्षांतून एकदां तरी होतें, ‘एल् मदीना’चें तेंही होत नाहीं. म्हणून आमच्या गृहस्थ व भगिनी वाचकांस एवढीच विनंती, कीं गोदेच्या घाटावर दीप सोडाल तेव्हां त्या ३८० जणांचीही आठवण करावी. दीप तेथवर पोहोंचला नाहीं तरी पाणी पोहोंचतें.