उसना वाचक

तीन वर्षं मी बेचाळीस जणांसाठी लिहीत होते. अर्धे नातेवाईक, उरलेले फोर्टातल्या आमच्या बँकेतले. नेरूळला हार्बरची गाडी पकडली की मोबाइलवर टिपण सुरू, सीएसएमटी येईपर्यंत ते रवाना. उत्तरादाखल अंगठे यायचे. बेचाळिसांचे त्रेचाळीस काही होईनात.

मग आम्ही चौघांनी एकत्र लिहायचं ठरवलं. सिडकोतून निवृत्त झालेले एक इंजिनिअरकाका, पहाटे पाणथळीवर कॅमेरा घेऊन बसणारा एक मुलगा, दिवाळे कोळीवाड्यातली एक ताई आणि मी. ताई लिहीत नाही, बोलते; लेक उतरवून घेते. काकांचं कोणी माझं वाचत नव्हतं, माझं कोणी ताईचं ऐकत नव्हतं. एकत्र येण्यात फायदा होता तो नेमका इथेच.

विषय एकच घेतला, ठाण्याची खाडी. पहिल्या खेपेला फजिती झाली. चौघांनीही गुलाबी रोहित पक्ष्यांपासून सुरुवात केली, आणि प्रत्येकाने आपापल्या माणसांना फक्त आपलाच लेख पाठवला. म्हणजे पूर्वी जे करत होतो तेच, फक्त एकाच दिवशी.

दुसऱ्या खेपेला वाटण्या केल्या. काकांकडे १९७३चा वाशीचा पूल. तो होण्याआधी मुंबईहून इकडे यायला ठाण्याचा वळसा पडायचा. माझ्याकडे १९९२मध्ये खाडी ओलांडून वाशीला आलेली लोकल, कारण त्या गाडीच्या भरवशावरच सासऱ्यांनी इथे घर घेतलं. मुलाकडे रोहित आणि २०१५मध्ये जाहीर झालेलं त्यांचं अभयारण्य. ताईने मात्र निवटे पकडण्याबद्दल सांगितलं: चिखलात पाय किती रुतू द्यायचा, हात कुठल्या बिळात घालायचा नाही. चौघांत सरस तिचंच उतरलं.

नियमही केले. दुसऱ्याचं वाचल्याशिवाय आपलं पुरं करायचं नाही. शेवटच्या परिच्छेदात पुढच्याला खो द्यायचा. माझा लेख पुलावरच्या गाडीच्या खिडकीतून खाली होडीकडे बघत संपला, तिथून ताईचा सुरू झाला. शेवटचा हात एकानेच फिरवायचा, पण ताईची बोली पुसायची नाही. आणि पाठवायची ती चारही लेखांची एकच पीडीएफ, सोबत बाकीच्या तिघांबद्दल स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. खरं काम त्या दोन ओळींनी केलं. काकांनी सांगितलं म्हणून त्यांच्या मित्रांनी मला वाचलं. ओळखीच्या माणसाने केलेल्या शिफारशीची सर जाहिरातीला येत नाही.

यात नवं काहीच नाही. काशिनाथ रघुनाथ आजगावकरांना बंगालीचं इतकं वेड, की त्यांनी आडनावही मित्र असं लावलं. १८९५मध्ये त्यांनी ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि १९०९मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा तिथून धरतात. दिवाळी अंक आपण घेतो एखाद्या आवडत्या नावासाठी, आणि फराळ संपेपर्यंत दोन अनोळखी नावं आपली झालेली असतात. पुढे दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं. कोणी छापेना, तेव्हा सायक्लोस्टाइलवर काढून ते एकमेकांच्या सोबतीने वाचकांपर्यंत गेले.

खाडीच्या पीडीएफनंतर दोन महिन्यांत माझी यादी बेचाळिसावरून एकशे अठरावर गेली. त्यातले काही गळतील. दुसऱ्याच्या शब्दावर आलेला वाचक एकदाच येतो, पुढचं आपल्या लिहिण्यावर असतं. पण मला खरा बदल जाणवला तो वेगळाच. पूर्वी मी दुसऱ्याचं वाचायचे ते अंगठा देण्यापुरतं. आता ताईचा मजकूर दोनदा वाचते, कारण त्यातूनच माझं पहिलं वाक्य निघायचं असतं.

तुम्हीही लिहीत असाल आणि वाचत तेच ते घरचे असतील, तर तीन माणसं शोधा. आपल्यासारखी नकोत, ज्यांचं वाचणारं आपलं एकही नाही अशी. पुढच्या महिन्यात आमचा विषय तुर्भ्याचा भाजीबाजार आहे, आणि तिथल्या एका माथाडीदादांनी पाचवा लेख द्यायचं कबूल केलं आहे.