पाणी आत घेणारं घड्याळ

मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने दप्तरातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत घड्याळ! 'सर, आजोबांचं आहे. चावी दिली की चालतं.' (आजोबा अहिराणी बोलणारे, म्हणजे ते नक्की 'घड्याय'च म्हणत असणार.) पिवळट पडलेल्या तबकडीवर नाव होतं फेवर-ल्युबा, आणि खाली 'सी किंग', म्हणजे समुद्राचा राजा.

'सर, हे घालून विहिरीत उडी मारू?'

'खबरदार!' मी म्हणालो. नावात समुद्र असला म्हणून काय झालं? हे रोजच्या वापरातलं साधं घड्याळ. त्यातून इतक्या वर्षांत आतलं रबर कडक झालेलं असतं, पाणी शिरलंच म्हणून समजा. पण याच कंपनीने खरोखर समुद्रात बुडी मारणारी घड्याळंही केली होती. त्यांचीच ही गोष्ट.

फेवर-ल्युबा मूळची स्वित्झर्लंडची. अब्राहम फेवर या घड्याळजीपासून, म्हणजे १७३७ पासून ती आपलं वय मोजते. १८६५ मध्ये ती व्यापारासाठी भारतात आली. १९६४ मध्ये तिने पाणबुड्यांसाठी 'डीप ब्लू' काढलं आणि १९६८ मध्ये त्याहून अजब असं 'बॅथी'.

अजब का? इतर घड्याळं पाणी बाहेर ठेवायला धडपडतात. बॅथीच्या पाठीला मात्र मुद्दाम भोकं! त्यातून पाणी आत येतं आणि धातूच्या एका पातळ पडद्यावर दाबतं. पडद्यापलीकडचं यंत्र कोरडंच राहतं. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक असेल. दाब वाढला की पडदा वाकतो, त्याचं ते इवलंसं वाकणं तरफेने मोठं होतं आणि एक काटा सरकतो. झालं! ५० मीटरपर्यंतची खोली मनगटावर दिसते. आपल्याकडच्या ५०-५५ फुटी तीन विहिरी एकाखाली एक लावा, तेवढी ही खोली.

ही नुसती हौस नव्हती बरं. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. पाणबुडा घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून किती खोल गेलो आणि किती वेळ राहिलो, हे दोन्ही कळायलाच हवं.

मग १९६९ मध्ये जपानच्या सेइकोने सेलवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं. पुढे ती स्वस्त झाली, वेळही जास्त अचूक दाखवू लागली. चावीची घड्याळं मागे पडली आणि फेवर-ल्युबाचेही दिवस फिरले. आणि गंमत बघा, तिला पुन्हा उभं करायला पुढे आलं कोण? २०११ मध्ये आपल्या टाटांच्या टायटनने ती विकत घेतली! २०१७ मध्ये १२० मीटरपर्यंत खोली सांगणारी नवी बॅथी आली. आपण जास्तीत जास्त किती खोल गेलो होतो, तेही ती लक्षात ठेवते. २०२३ मध्ये कंपनी इथॉस या दुसऱ्या भारतीय समूहाकडे गेली आणि २०२४ मध्ये 'डीप ब्लू' नव्याने आलं.

तुम्ही विचाराल, आता पाणबुड्यांच्या मनगटावर छोटा संगणक असतो, मग याची गरज काय? खरं सांगू, फारशी नाही. त्यात नव्या बॅथीची किंमत लाखांत! पण सेल नाही, वीज नाही, नुसत्या पाण्याच्या दाबाने हलणारा तो काटा मला एकदा तरी बघायचा आहे.

राहिलं आजोबांचं घड्याळ. पालकांनो, जुन्या तबकड्या भडक रंगवून 'नव्यासारख्या' करून विकायचा धंदा जोरात आहे. या मुलाच्या बाबांच्याही मनात तबकडी रंगवून घ्यायचं होतं. मी त्यांना म्हटलं, दादा, नुसतं साफ करून तेल घालून घ्या, अक्षरांना हात लावू नका. त्यांनी ऐकलं. आता रोज सकाळी चावी द्यायचं काम मुलाकडे आहे. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, तेवढी तो शाळेच्या घंटेवर लावून घेतो.